छोटी पुडी काढावी की नाही : एका मसाला उद्योगाच्या बाजार संशोधनाच्या नोंदी, नाशिक

आमचा मसाल्याचा लहान उद्योग अंबड भागात आहे. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई तो चालवतो. पाच बायका कामाला आहेत आणि काळा मसाला, गोडा मसाला व मिसळ मसाला ही तीन उत्पादने २०० ग्रॅमच्या पाकिटात नाशिक शहरातल्या १६४ किराणा दुकानांना जातात. दिवाळीनंतर दुकानांच्या फेरऑर्डरी कमी झाल्या. दहा रुपयांची छोटी पुडी काढल्याशिवाय आता निभाव लागणार नाही, असे आमच्या विक्री प्रतिनिधीचे ठाम मत होते आणि त्यासाठी लागणाऱ्या पुडी भरण्याच्या यंत्राचा भाव ३ लाख ८० हजार रुपये आला होता. एवढी रक्कम गुंतवण्यापूर्वी २५ हजार रुपये आणि दोन महिने खर्चून नीट चौकशी करायची, असे आम्ही ठरवले. जाऊबाईंची मुलगी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संशोधन पद्धती हा विषय ती शिकलेली आहे. पुस्तकातली पद्धत आणि गल्लीतला व्यवहार यांची गाठ कुठे पडली आणि कुठे सुटली, हे असेच काम हाती घेणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून लिहून ठेवले आहे.

२० जानेवारी २०२५

पहिल्या बैठकीत मी वहीवर प्रश्न लिहिला : "विक्री का घटली?" पुतणी म्हणाली, "काकू, या प्रश्नाचे कोणतेही उत्तर आले तरी ते बरोबरच वाटेल. उत्तर मिळाल्यावर आपण नेमके काय करणार आहोत, ते आधी लिहा." यावर आमचे दोन तास गेले, पण पूर्ण कामातले सर्वांत उपयोगी दोन तास हेच ठरले. निर्णय एकच होता, यंत्र घ्यावे की घेऊ नये. त्या निर्णयासाठी तीन गोष्टी कळायला हव्या होत्या : ऑर्डर थांबवलेली दुकाने कोणती आणि त्यांनी ती का थांबवली, छोटी पुडी घेणारे गिऱ्हाईक कोण आणि ते किती, आणि पुडी आल्यावर २०० ग्रॅमचे आमचेच गिऱ्हाईक तिकडे वळेल का. यांपैकी तिसरा प्रश्न आमच्या डोक्यातही नव्हता. तो पुतणीने काढला, आणि खरी जोखीम त्यातच होती.

२३ ते २५ जानेवारी

बाहेर विचारायला जाण्याआधी घरातली माहिती पाहायची, म्हणून एप्रिल २०२४ पासूनची बिलबुके काढली. एका दिवसाचे काम समजून बसलो आणि तीन दिवस गेले. सप्टेंबरपर्यंतची बिले हाताने लिहिलेली होती आणि पुढची संगणकावर होती, त्यामुळे एकच दुकान तीन प्रकारे लिहिलेले सापडले. उलट एकाच नावाची चार निरनिराळी दुकाने एका खात्यात मिसळलेली होती. शेवटी प्रत्येक दुकानाला एक क्रमांक दिला आणि नावाऐवजी तोच धरून पुढचे सगळे काम केले. पहिल्या बिलापासून असे क्रमांक असते, तर हे तीन दिवस वाचले असते.

यादी तयार झाली तेव्हा जे दिसले त्याने आम्ही दोघी गप्प झालो. विक्री सगळीकडे सारखी घटलेली नव्हती. १६४ पैकी ३१ दुकानांनी ऑक्टोबरनंतर एकही ऑर्डर दिली नव्हती आणि त्यांतली २२ दुकाने माल पोचवण्याच्या एकाच फेरीवरची, अंबड ते पाथर्डी फाटा या पट्ट्यातली होती. याचा अर्थ काय, ते त्या दिवशी आम्ही ठरवले नाही. नोंद करून ठेवली.

२७ जानेवारी

बाहेरची तयार आकडेवारी पाहण्यात अर्धा दिवस घालवला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे कौटुंबिक उपभोग खर्चाचे जे सर्वेक्षण पाहिले ते ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातले होते. ते राज्यातल्या शहरी आणि ग्रामीण कुटुंबाचा खर्च सांगते, पण सातपूरच्या भाड्याच्या खोलीत मसाला किती रुपयांचा घेतात हे त्यातून कळत नाही. प्रभागवार लोकसंख्येसाठी २०११ च्या जनगणनेशिवाय आधार नव्हता. तेव्हा शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती आणि त्यानंतर पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव या बाजूंना वस्ती किती वाढली ते नाशिककरांना सांगायला नको. ही आकडेवारी पार्श्वभूमी म्हणून ठेवली आणि पुढे गेलो.

२९ जानेवारी ते १ फेब्रुवारी

प्रश्नावली बनवण्याआधी आठ दुकानदारांशी मोकळेपणाने बोलायचे ठरवले होते. पहिल्या तीन मुलाखती मी स्वतः घेतल्या आणि त्या तिन्ही वाया गेल्या.

पंचवटी कारंजाजवळच्या दुकानात मी सायंकाळी सातला पोचले. ती गिऱ्हाइकांची वेळ होती आणि माझ्या हातात नमुन्याची पाकिटे होती, त्यामुळे शेठ मला माल विकायला आलेली समजले. "ताई, तुमचा मसाला एक नंबर आहे, काही काळजी करू नका," असे ते तीन वेळा म्हणाले. ते बोलत असताना त्यांच्या डोक्यामागच्या सर्वांत वरच्या फळीवर आमची चार पाकिटे आडवी पडलेली मला दिसत होती आणि वरच्या पाकिटावर इतकी धूळ होती की काळ्या मसाल्याचे लेबल राखाडी झाले होते. त्यांच्या पुढ्यात, गल्ल्याच्या उजव्या हाताला, दुसऱ्या कंपन्यांच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. मी उभी होते तेवढ्या दहा मिनिटांत त्यांनी कात्रीने पाच पुड्या कापून दिल्या, आणि कापताना माळेकडे पाहिलेसुद्धा नाही. मालकिणीच्या तोंडावर मालाला नाव ठेवायचे नाही ही आपल्याकडची रीत आहे. त्यांनी ती पाळली, त्यात त्यांची चूक नव्हती. विचारायला मी गेले, ही चूक होती.

उरलेल्या पाच मुलाखती पुतणीने आणि तिच्या मैत्रिणीने दुपारी तीन ते पाच या वेळेत घेतल्या. कुणासाठी विचारतो ते लपवायचे नाही, असे आम्ही ठरवले. "नाशिकच्या एका मसाला उत्पादकासाठी माहिती गोळा करतो आहोत, नाव शेवटी सांगू, उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नका," एवढे सुरुवातीला सांगायचे आणि शेवटी नाव सांगायचेच. या पाचांपैकी तिघांनी आपण होऊन सांगितले की आमचा माल चांगला असला तरी तो कधी येईल याचा भरवसा नाही. काही दिवसांपूर्वी बिलबुकात दिसलेल्या २२ दुकानांची आठवण तेव्हा पहिल्यांदा झाली.

४ फेब्रुवारी

घरोघरी विचारायच्या प्रश्नावलीचा पहिला मसुदा ३४ प्रश्नांचा झाला. त्यातल्या चुका सविस्तर लिहिते, कारण त्या करताना चुका वाटत नाहीत.

"तयार मसाल्याची चव आणि किंमत तुम्हाला योग्य वाटते का?" या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. चव आवडली पण महाग वाटला, तर बाईंनी काय उत्तर द्यावे? तो तोडून दोन केले. "घरगुती पद्धतीचा, शुद्ध मसाला छोट्या पुडीत मिळाला तर तुम्ही घ्याल का?" हा प्रश्न मला फार आवडला होता, पण त्यात उत्तर आधीच भरून दिलेले होते. शिवाय पुढे काय कराल असे विचारले की माणूस भल्या मनाने "हो" म्हणतो, आणि त्या "हो"वर ३ लाख ८० हजार रुपये लावता येत नाहीत. तो काढून त्याजागी घडून गेलेले विचारले : शेवटचा मसाला कधी आणला, कोणी आणला, किती रुपयांचा आणला, पाकीट घरात असेल तर दाखवाल का. पाकीट दाखवण्याचा भाग पुढे फार कामाला आला, कारण सांगितलेली किंमत आणि पाकिटावरची किंमत यांत अनेकदा फरक निघाला.

९ व १० फेब्रुवारी

पूर्वचाचणी म्हणून ओळखीच्या नसलेल्या १५ घरी प्रश्नावली नेली. सरासरी २२ मिनिटे लागली आणि चार बायका मध्येच कुकर उतरवायला म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत.

सर्वांत मोठा गोंधळ शब्दांचा झाला. आम्ही "तयार मसाला" लिहिले होते. काहींनी त्याचा अर्थ गरम मसाला घेतला. काहींनी उन्हाळ्यात स्वतः मिरच्या-खोबरे भाजून डंकावर कुटून आणलेला वर्षाचा मसालाही तयारच धरला, कारण तो बरणीत तयार असतो. त्यांचे म्हणणे चूक नाही. शेवटी "दुकानातून पाकिटात विकत आणलेला मसाला" असे लांबलचक पण स्वच्छ लिहिले. अंबड-सातपूरच्या कामगार वस्त्यांसाठी हिंदी प्रश्नावली लागणार होती, आणि "काळा मसाला" हा शब्द तिथे तसाच वापरला तर काळी मिरी समजतात असे आढळले. म्हणून पाकीटच हातात देऊन "असा मसाला" म्हणून विचारायचे ठरले.

दुसरी अडचण मोजपट्टीची. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली "पूर्ण सहमत" ते "पूर्ण असहमत" ही पाच पायऱ्यांची पट्टी सगळेच वापरतात, म्हणून आम्हीही वापरली. कागदावर ती सोपी दिसते, दारात उभे राहून वाचून दाखवली की पाचवी पायरी ऐकेपर्यंत पहिली विसरलेली असते आणि उत्तर येते, "हो हो, बरोबर आहे." असे प्रश्न आठाचे तीन केले आणि त्यांच्यासाठी पाच वाट्यांचे चित्र असलेले कार्ड केले, रिकाम्या वाटीपासून भरलेल्या वाटीपर्यंत. बोट ठेवायला सांगितले की उत्तरे पसरली. अंतिम प्रश्नावली १४ प्रश्नांची आणि सात मिनिटांची झाली.

११ फेब्रुवारी

या दिवशी मी केलेली चूक कबूल केली पाहिजे, कारण ती सर्वांत मोहात पाडणारी आहे. घरोघरी फिरण्याचा खर्च वाचावा म्हणून पूर्वचाचणी चालू असतानाच मी प्रश्नावलीचा गूगल फॉर्म करून व्हॉट्सअॅपच्या गटांत टाकला होता. दोन दिवसांत २१२ उत्तरे आली आणि मला वाटले, काम झाले. पुतणीने पत्त्यांचा रकाना लावून दाखवला, तर १७३ उत्तरे गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि इंदिरानगर इथली होती. आमच्याच नातेवाइकांच्या सोसायट्या आणि त्यांच्या मैत्रिणी. दहा रुपयांची पुडी ज्यांच्यासाठी काढायची, त्यांच्यापर्यंत तो फॉर्म पोचलाच नव्हता.

तेव्हा तिने १९३६ मधल्या अमेरिकेतल्या "लिटररी डायजेस्ट" या साप्ताहिकाची हकिकत सांगितली. त्यांनी अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, सुमारे २४ लाख परत आल्या आणि लँडन जिंकणार असे त्यांनी छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते दूरध्वनीच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदी यांतून घेतलेले होते, आणि मंदीच्या त्या काळात फोन किंवा मोटार असलेला माणूस म्हणजे सगळा देश नव्हे. माझे व्हॉट्सअॅपचे गट म्हणजे तीच यादी होती. २१२ उत्तरे बाजूला ठेवली आणि शेवटच्या हिशेबात एकही धरली नाही. जीव हळहळला, पण दुसरा मार्ग नव्हता.

मग नमुना किती आणि कसा, यावर बसलो. सगळे ३८४ म्हणतात. ९५ टक्के विश्वासपातळी (शंभर वेळा नमुना घेतला तर ९५ वेळा उत्तर मर्यादेत येते) आणि पाच टक्के त्रुटीची मर्यादा (उत्तर खऱ्या आकड्याच्या किती वर-खाली असू शकते ती) धरली की सूत्रातून तो आकडा येतो, आणि दहा टक्के मर्यादा चालत असेल तर तोच आकडा ९६ पर्यंत उतरतो. आम्हाला यंत्र घ्यायचे की नाही एवढेच ठरवायचे होते, दशांश चिन्हापर्यंतची अचूकता नको होती, म्हणून ९६ घेतले. हा आकडा फक्त चिठ्ठ्या टाकून काढलेल्या नमुन्यालाच लागू पडतो. सोयीच्या घरांत फिरून ९६ गोळा केले तर त्या सूत्राचा काही अर्थ उरत नाही.

महापालिकेचे सहा विभाग आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिक रोड. प्रत्येकातून १६ घरे, त्यांत आठ कामगार वस्तीतली किंवा भाड्याच्या खोल्यांची आणि आठ इतर, असे ठरवले. गल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि गल्लीत शिरल्यावर दर पाचवे दार वाजवायचे ठरले.

१३ ते २२ फेब्रुवारी

फॉर्म भरून आणण्यासाठी दोन मुले लावली आणि प्रत्येक पूर्ण फॉर्मला ४० रुपये देऊ केले. चार दिवसांत ५१ फॉर्म आले. जाऊबाईंनी ते जेवणाच्या टेबलावर पसरून पाहिले आणि म्हणाल्या, "या गठ्ठ्यातल्या सगळ्या बायकांनी एकाच दिवशी मसाला आणला होता का?" एका मुलाच्या २६ फॉर्मांत शेवटच्या खरेदीचा दिवस जवळपास सगळीकडे रविवार होता, कार्डावरची वाटी नेहमी चौथी होती आणि शाईचा दाब पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखा होता, दारात उभे राहून लिहिलेले अक्षर असे येत नाही. ज्यांनी फोन नंबर दिले होते त्यांतल्या पाच घरी फोन केला, तर तिघींकडे कोणी आलेलेच नव्हते.

सगळे २६ फॉर्म रद्द केले. १,०४० रुपये आणि चार दिवस गेले. त्या मुलाला आम्ही फार बोललो नाही, कारण फॉर्मागणिक पैसे देण्याची पद्धत आमची होती आणि सात मिनिटांच्या कामासाठी उन्हात पाऊण तास दारे वाजवावी लागतात हे आम्हाला माहीत असायला हवे होते. त्यानंतर दिवसाला ६०० रुपये मजुरी ठरवली, रोज दहा फॉर्मांपेक्षा जास्त नको असे सांगितले आणि दर दहांतल्या एका घरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन खात्री केली. अजून एक नियम केला : वाजवलेल्या प्रत्येक दाराची नोंद करायची, उघडले नाही तरी. ९६ मुलाखतींसाठी १७१ दारे वाजवावी लागली. सातपूरला पाळीवर जाणाऱ्यांच्या खोल्या दुपारी बंद असत. तिथे शेजारचे उघडे दार घेण्याचा मोह टाळून रविवारी सकाळी परत गेलो. ज्या घरात दुपारी कोणी नसते, त्याच घरात दहाची पुडी येण्याचा संभव जास्त, म्हणून ती घरे सोडणे म्हणजे उत्तरच सोडणे होते.

फोन नंबर वेगळ्या कागदावर घेतले, फॉर्मवर फक्त क्रमांक ठेवला आणि खात्री झाल्यावर तो कागद फाडून टाकला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालेला आहे. तो नसता तरी लोकांच्या घरातले नंबर आमच्या वहीत पडून राहणे योग्य नव्हते.

२४ ते २८ फेब्रुवारी

लोक सांगतात ते आणि घेतात ते, यांतला फरक पाहण्यासाठी तीन दुकानांत चार-चार तास बसून फक्त मोजायचे ठरवले. पहिले दुकान माझ्या ओळखीचे निवडले. शेठनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आमची पाकिटे वरच्या फळीवरून काढून गल्ल्याशेजारी मांडली. पहिल्या तासात त्यांनी तीन पाकिटे आग्रहाने विकली. त्या दिवसाची सगळी मोजणी रद्द केली. दुसरे दुकान अनोळखी घेतले, पण तारीख न पाहता २६ फेब्रुवारी ठरवली. ती महाशिवरात्र होती. निम्म्या शहराला उपास, चार तासांत मसाल्याच्या सात विक्री. त्याही रद्द.

२७ आणि २८ ला सातपूर, जेल रोड आणि पंचवटी इथल्या तीन अनोळखी दुकानांत पुतणी आणि तिची मैत्रीण बसल्या. मिळून मसाल्याच्या ६१ विक्री मोजल्या. त्यांतल्या ४४ वीस रुपयांच्या आतल्या होत्या आणि ६१ पैकी ४९ गिऱ्हाइकांनी कोणत्याही कंपनीचे नाव घेतले नाही. "दहाचा मसाला द्या" एवढेच म्हणतात आणि दुकानदार हाताशी असेल ती माळ कापतो. पहिल्या मुलाखतीत मी जे उभ्या उभ्या पाहिले होते, ते आता मोजून कळले. म्हणजे छोट्या पुडीची निवड घरातली बाई करत नाही, गल्ल्यावर बसलेला माणूस करतो. आमच्या प्रश्नावलीत चवीवर चार प्रश्न होते आणि माळ कुठे टांगतात यावर एकही नव्हता.

१ मार्च

आता प्रत्यक्ष विकून पाहायचे. कामगार वस्तीतल्या, ऑर्डरी चालू असलेल्या ४५ दुकानांपैकी १२ निवडली, विक्रीनुसार जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतले एक दुकान चिठ्ठीने चाचणीत घेतले, दुसरे तुलनेसाठी ठेवले. हाताच्या सीलिंग यंत्रावर १,५०० पुड्या भरल्या.

वजनाचा हिशेब इथे नीट करावा लागला. २०० ग्रॅमचे पाकीट ११० रुपयांना आहे, म्हणजे ग्रॅमला ५५ पैसे. दहा रुपयांत २० ग्रॅम दिले तर ग्रॅमला ५० पैसे पडतात आणि पुडीचा कागद तर वरून जास्त लागतो. मी आधी २० ग्रॅमची तयारी केली होती. जाऊबाईंनी थांबवले आणि १६ ग्रॅम ठरवले.

चाचणी सुरू होण्याआधी एका कागदावर लिहिले : सहांपैकी निम्म्याहून जास्त दुकानांत आठवड्याला किमान ५० पुड्या संपल्या आणि २०० ग्रॅमची विक्री तुलनेच्या दुकानांपेक्षा जास्त घसरली नाही, तरच यंत्र घ्यायचे. खाली तिघींच्या सह्या केल्या आणि कागद देवघरात ठेवला.

३ ते २३ मार्च

तीन आठवडे, आठवड्यातून एकदा, उरलेला माल मोजला. दुसऱ्या आठवड्यात आमच्या विक्री प्रतिनिधीने तुलनेच्या एका दुकानदाराला, तो मागे लागला म्हणून, शंभर पुड्या देऊन टाकल्या. ते दुकान हिशेबातून काढावे लागले आणि तुलनेला पाचच उरली. चाचणी म्हणजे काय, आणि काही दुकानांना मुद्दाम का द्यायचे नाही, हे आम्ही त्याला समजावून सांगितलेच नव्हते. १९ मार्चला रंगपंचमी होती. जुन्या नाशकात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात आणि त्या भागातली दुकाने बंद असतात, म्हणून त्या दिवशीची मोजणी पुढे ढकलली.

२६ ते २८ मार्च

घरोघरीचे ९६ फॉर्म संगणकावर चढवले. सहा विभाग आणि चार आकारांची पाकिटे असा तक्ता केला तर २४ चौकटी झाल्या आणि कित्येक चौकटींत एक-दोनच उत्तरे आली. अशा विरळ तक्त्यावर काय-वर्ग चाचणी (गटांतला फरक योगायोगाचा असू शकतो का ते तपासणारी) चालवली तर आकडा येतो, पण त्यावर विसंबता येत नाही. म्हणून दोनच गट केले. शेवटच्या खरेदीत वीस रुपयांच्या आतले पाकीट आणणारी घरे कामगार वस्तीतल्या ४८ पैकी ३१ आणि इतर ४८ पैकी १३ होती. काय-वर्गाची किंमत १३.६ आली आणि मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे हा फरक योगायोगाचा मानता येत नाही. छोट्या पुडीचे गिऱ्हाईक आहे, आणि ते कुठे आहे हेही कळले. ९६ पैकी ५८ घरांत मात्र वर्षाचा मसाला घरीच होतो, आणि आमची चाचणी नेमकी डंक सुरू होण्याच्या दिवसांत आली.

चाचणीत १,०१२ पुड्या संपल्या. दुकानाची सरासरी काढली तर आठवड्याला ५६ येते आणि जाऊबाई आनंदाने म्हणाल्या, "मग घ्यायचे की." पण दुकानवार आकडे ४१०, १४८, १३१, ११७, १०९ आणि ९७ असे होते. ४१० पुड्या एकाच दुकानाच्या होत्या, जे कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर, एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या खोल्यांना लागून आहे. मधला आकडा घेतला तर आठवड्याला ४१ च पुड्या होतात. पुडीमागे आमच्या हाती १ रुपया ३० पैसे उरतात हे धरून ४५ दुकानांचा हिशेब केला, तर सरासरीने यंत्राचे पैसे सव्वादोन वर्षांत फिटतात आणि मधल्या आकड्याने तीन वर्षे लागतात. देवघरातला कागद काढला. आठवड्याला पन्नासची अट एकाच दुकानाने पुरी केली होती. १४८ वाले अगदी थोडक्यात हुकले, आणि तेही धरले असते तरी सहांपैकी दोनच होत होती.

२०० ग्रॅमची विक्री चाचणीच्या दुकानांत, आधीच्या तीन आठवड्यांशी तुलना करता, ११८ वरून १०९ झाली आणि तुलनेच्या पाच दुकानांत ९६ वरून ९०. दोन्हीकडची घट सहा ते आठ टक्के आहे. तुलनेची दुकाने ठेवली नसती, तर ही नऊ पाकिटांची घट आम्ही छोट्या पुडीच्या माथी मारली असती.

२९ मार्च

ऑर्डर थांबवलेल्या ३१ पैकी २७ दुकानांत दोघी मुली जाऊन आल्या. चार दुकाने बंद झालेली निघाली. २७ पैकी १९ जणांनी कारण एकच सांगितले, की माल वेळेवर येत नाही. छोटी पुडी नाही म्हणून थांबवले, असे म्हणणारे तिघे होते. दिवाळीनंतर टेम्पोचा चालक बदलला आणि अंबड-पाथर्डी फाट्याची सोमवारची फेरी "जमेल तेव्हा" अशी झाली होती. विक्री प्रतिनिधी छोट्या पुडीबद्दल जे सांगत होता तेही खरे होते, कारण तो ज्या दुकानांत रोज उभा राहतो तिथे त्याला माळाच दिसतात. टेम्पो न आलेल्या दुकानात तो जातच नव्हता.

५ एप्रिल

खर्चाचा हिशेब पुरा केला. रद्द फॉर्मांचे १,०४०, मजुरीचे ८,४००, छपाईचे १,१५०, पेट्रोलचे २,३००, सीलिंग यंत्र व कागदाचे २,६००, पुड्या भरण्याच्या मजुरीचे ३,०००, उत्तर देणाऱ्यांना मुलाखत संपल्यावर दिलेल्या मालाचे ९६० आणि संगणकावर माहिती चढवण्याचे १,८०० असे मिळून २१,२५० रुपये झाले. दोन महिने धरले होते, अडीच लागले. त्यांतले नऊ-दहा दिवस रद्द फॉर्म, रद्द मोजण्या आणि बिलबुके यांत गेले.

यंत्र घेतलेले नाही. ज्यांच्याकडे असे यंत्र आधीच आहे त्यांच्याकडून पुड्या भरून घ्यायच्या आणि त्या कारखान्यांच्या वाटेवरच्या दुकानांतच द्यायच्या, टांगायच्या माळेसकट. अशी दुकाने आमच्या यादीत नऊ आहेत. अंबड-पाथर्डी फाट्याची फेरी ३१ मार्चपासून पुन्हा सोमवारी ठरवून चालू केली, आणि पहिल्याच आठवड्यात त्या १९ पैकी ११ दुकानांनी ऑर्डर दिली. चाचणी ऑगस्टमध्ये, घरचा मसाला कुटण्याचा हंगाम उलटल्यावर, त्याच बारा दुकानांत पुन्हा घ्यायची आहे. त्या वेळी विक्री प्रतिनिधीला पहिल्या बैठकीपासून बरोबर घेणार आहोत, आणि अटींच्या कागदावर चौथी सही त्याची असेल.